सातवी मुलाखत

संमतीपत्रावर सही करण्याआधी तिनं हात पुसले एप्रनला,
तरी कागदावर खाऱ्या चिखलाचा अंगठा उमटलाच.
तो तसाच स्कॅन केला मी. परिशिष्ट तीन.

रेकॉर्डर ठेवला पावाच्या टोपलीशेजारी.
लाल दिवा लागला तशी दोसिन्दा ताठ बसली
पासपोर्टच्या फोटोला बसावं तशी,
आणि ठेवणीतल्या आवाजात म्हणाली,
"वरच्या धरणाची दारं उघडली. खाडीत गोडं पाणी शिरलं.
तिसऱ्या मेल्या. सगळ्या."
मी विचारलं, तेव्हा तुम्हाला काय वाटलं?
प्रश्नावलीतला चौथा प्रश्न, दोनदा तपासून घेतलेला.
ती म्हणाली, "वाटायचंय काय त्यात.
वास आला."

सान्तियागोत परतल्यावर कानाला हेडफोन, रात्रभर.
एका तासाचं बोलणं उतरवायला सात तास लागतात,
आणि न बोललेलं उतरवायला
चौकटी कंस : शांतता, अकरा सेकंद.
त्या अकरात फ्रिजची घरघर आहे,
एरुन्दिनाचा कुत्रा आहे भिंतीपलीकडे,
आणि एक बारीक खरखर, जी मला तिसऱ्या रात्री कळली :
मेणकापडावर सांडलेलं मेण
ती नखानं खरवडत होती.

मग रंग. पिवळा म्हणजे तोटा, हिरवा शेजारधर्म,
निळा म्हणजे सहकारी संस्था आणि तिचा वजनकाटा.
पानंच्या पानं रंगली.
"वास आला" एवढंच पांढरं राहिलं.
मी त्यावर पेन नेलं, परत आणलं,
पुन्हा नेलं.

सर म्हणाले, सातव्या मुलाखतीत नवं काही निघत नाही,
म्हणजे विहीर भरली. थांब आता.
मी थांबले नाही. ओहोटीला गेले, रेकॉर्डरशिवाय.
तिनं दोन मापं मोठे बूट दिले, हातात दंताळं दिलं,
आणि कमरेची पत्र्याची कडी दाखवली :
यातून जी खाली पडते ती परत पाण्यात.
"डोळ्यांनी ठरवू नकोस. डोळ्यांना भूक असते."
दुपारपर्यंत टोपलीत अकरा जिवंत.
तिनं नऊ परत टाकल्या.
वाकताना एक हात कमरेवर, तोंडात कुणाला तरी शिवी.

मी म्हटलं, इथे तर काल एरुन्दिनानं ओढलंय ना?
"ओढलंय की. पण तिचा हात वेगळा."

निघताना नावाचं बोलले.
नियम आहे, खरं नाव छापत नाहीत,
तुमच्याच भल्यासाठी.
ती माझ्याकडे बघत राहिली.
"चाळीस वर्षं राबले, पेन्शनच्या कागदावर नाव नाही.
आता तुझ्याही नाही?"
उत्तर माझ्या कुठल्याच टिपणात नव्हतं.
मग तिलाच काहीतरी सुचलं, सोनेरी दात दिसला.
"बरं. मला मार्सेलिनो म्हण.
काट्यावर बसायचा तो. किलोमागे पन्नास ग्रॅम खायचा.
मेला बिचारा, गादीवर, कोरड्या पायांनी.
तुझ्या पुस्तकात तरी चिखलात उतरू दे त्याला."

म्हणून माझ्या प्रबंधात
मार्सेलिनो पहाटे चारला उठतो,
मार्सेलिनोची बोटं थंडीनं वाकडी झालीत,
मार्सेलिनोनं तीन बाळंतपणं काढली
आणि तिसऱ्याच्या आठव्या दिवशी दंताळं उचललं.
समितीतल्या एकांनी चष्मा काढून विचारलं,
या वेचणाऱ्या तर सगळ्या बायका ना?
तळटीप जोडली : नाव सहभागी व्यक्तीनं स्वतः निवडले.

मार्चमध्ये तिचा फोन.
मागे वारा, आणि बायकांची कालवाकालव.
"छापलंस? काय म्हणतो आपला मार्सेलिनो?"
पान एकशे बारा, मी वाचून दाखवलं,
धरणाची दारं, गोडं पाणी,
आणि ते वाक्य, अजून रंग नसलेलं.
ती गप्प झाली.
मग हसायला लागली, अशी की कुणीतरी विचारलं, काय झालं गं?
किती सेकंद ते
मोजले नाहीत.